सुतळीच्या आठशे एकोणचाळीस पावत्या

४ जून

मामा,

पत्र लिही म्हणालात, लिहिते. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागदावरचं नाकारता येत नाही, हे तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. ऑडिटर म्हणून पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात, आता भाचीची पत्रं तपासा.

नोकरीला तीन आठवडे झाले. पालिकेचा समाजकल्याण विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. बाहेर दोन बाकं, त्यांवर सकाळी नऊपासून माणसं. आत पाच टेबलं. माझं टेबल खिडकीजवळचं, एक पाय आखूड असलेलं. त्याच्या खालच्या खणात एक हिरवी पत्र्याची पेटी आहे आणि ती आता माझ्या ताब्यात आहे. म्हणजे तुमची भाची विभागाच्या किरकोळ खर्चाची मालकीण झाली. आईला सांगितलं तर म्हणाली, "हिच्या हातात पैसे? यांची मती फिरलीय का?"

काम मला नीट समजलंय का ते सांगा. पेटीत कायम पाच हजार. कुणी अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून येतं, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असतं, कुणाकडे परतीचं भाडं नसतं. अशा वेळी अर्ज-मंजुरीचं गुऱ्हाळ न लावता हातोहात पैसे द्यायचे. प्रत्येक खर्चाची पावती ठेवायची. पेटीतल्या नोटा आणि पावत्या मिळून केव्हाही पाच हजार भरले पाहिजेत. नोटा संपत आल्या की पावत्या हिशेब विभागाला दाखवायच्या, ते शिक्का मारून तेवढे पैसे पुन्हा भरतात. बरोबर?

माझ्याआधी ही पेटी सव्वीस वर्षं एकाच बाईंकडे होती. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्या फेब्रुवारीत निवृत्त झाल्या. पण पेटीचा ताबा घ्यायला टेबलावर कुणी नव्हतं, म्हणून त्यांची पेन्शन अजून अडकलेली आहे. ताब्याच्या कागदावर शेवटची ओळ अशी: "आजवरचा सर्व खर्च खरा व योग्य असल्याची खात्री केली." त्याखाली मी सही केली की त्यांची पेन्शन सुरू. जुलैअखेरपर्यंत मुदत आहे. सगळे म्हणतात, कर सही आणि मोकळी हो.

आणि मी करणारच होते. पण सहीआधी म्हटलं, वह्या चाळून बघू. तर मामा, सुतळी! दर आठवड्याला, दहा दिवसांनी सुतळी. एका पावतीवर चार बंडलं. मी कपाटातल्या सगळ्या वह्या काढून मोजलं. एकवीस वर्षांत सुतळीच्या आठशे एकोणचाळीस पावत्या. एका बंडलात शंभर मीटर धरले तर तीनशे पस्तीस किलोमीटर सुतळी होते. आणि आमच्या अख्ख्या विभागात वीतभर सुतळी नाही! फायलींना क्लिपा आहेत. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "सुतळी? मी कधी पाहिली नाही बुवा."

पेटी मात्र कायम जुळलेली. पैशाचाही फरक नाही. दरवर्षीच्या ऑडिटरची बरोबरची खूण आहे. एवढी सुतळी कशाला लागली असेल? मला झोप येत नाहीये. भीतीने नाही, नुसत्या उत्सुकतेने.

तुमची
खुसपट

११ जून

चि. खुसपट,

पत्र पोचलं. शाबास. सहा वर्षांची असताना तू माझ्या शर्टाची बटणं मोजून "एक कमी आहे" म्हणाली होतीस, तेव्हाच हे नाव ठेवलं. ते वाया गेलं नाही.

पेटीचं काम तुला समजलं आहे. आता सुतळीचं ऐक. ऑडिटर दोन गोष्टींना कधी विचारत नाही: झाडू आणि सुतळी. कार्यालय आहे म्हणजे ती लागणारच, असं धरून तो खूण करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. ज्याला काही लपवायचं आहे त्याने सुतळीखाली लपवावं. तुझ्या मोठ्या बाई हे जाणून होत्या असं दिसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

आता तीन कामं कर. पहिलं, पावत्यांचे क्रमांक बघ. एकापाठोपाठ एक असतील तर त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईक नाही, किंवा पावतीपुस्तकच बाईंच्या खणात असायचं. दुसरं, दुकानात जा. पोलिसासारखी नको, सुतळी घ्यायला आल्यासारखी जा. तिसरं, पहिली सुतळी कोणत्या तारखेला आली ते शोध. माणूस खोटं लिहायला लागतो त्याच्या आदल्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं.

आणि तुझ्या साहेबांना जे विचारायचं ते कागदावर विचार. एक छोटं टिपण दे: "सुतळीच्या खर्चाबाबत खात्री होत नाही." उद्या काही निघालं तर तुझी मान अडकायला नको. बाईंचं काय व्हायचं ते होईल. कुंपणाने शेत खाल्लं असेल तर पेन्शनची गोष्ट कशाला?

माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, त्यांच्यावर आक्षेप नोंदवून ठेवला आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा

२० जून

मामा,

तिन्ही कामं केली. चौथं टिपणाचं, तेही केलं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे लिहून द्यायची काय गरज होती?" पण आवक क्रमांक पडला होता, आता काय करणार.

पावत्या एकापाठोपाठ एक आहेत, तुम्ही म्हणालात तशाच. दुकान कार्यालयामागच्या बोळात आहे. दोर, खिळे, कुलपं, कड्या. म्हातारे दुकानदार स्टुलावर बसून बिजागऱ्यांना तेल लावत होते. मी म्हटलं, "आजोबा, सुतळी द्या." त्यांनी एक बंडल काढलं, धूळ झटकली. ती धूळ बघूनच कळलं, वर्षात कुणी हात लावलेला नाही. मग मी माझं टेबल कोणतं ते सांगितलं. ते तेल लावायचे थांबले. म्हणाले, "बाईंना मी पुस्तक देऊन ठेवलं होतं. माझ्या सहीचं. पैसा एक घेतला नाही. का दिलं ते त्यांना विचार, मी सांगणार नाही." मग मला चहा पाजला आणि बंडलाचे पैसे मात्र घेतले.

पावत्यांच्या मागे एक गंमत सापडली. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलंय. "दवाखाना. शिंपीण. सकाळ ते चार." "कोर्ट. इस्त्रीवाली. दिवसभर." "पोलीस. दुकानदार स्वतः, फक्त येण्याजाण्याचं भाडं." आठशे एकोणचाळीस वेळा, असंच. हे काय असेल? सुतळी कोर्टात कशाला नेतात?

मोठ्या बाईंकडेही जाऊन आले. दोन खोल्या. पुढची खोली त्यांनी एका टायपिस्ट मुलीला भाड्याने दिली आहे आणि स्वतः स्वयंपाकघरात गादी घालतात. चार महिने पेन्शन नाही, दुसरं काय करतील. औषधाच्या पट्टीतून गोळी कातरून अर्धी घेतली माझ्यासमोर. मला म्हणाल्या, "पेटी जुळतेय ना? मग झालं." मी पावत्यांच्या मागचं विचारलं तर दाराकडे बघत म्हणाल्या, "एकदा खरं लिहिलं होतं, पोरी. ते चाललं नाही." एवढंच.

आणि पहिली सुतळी? एकवीस वर्षांपूर्वी, एक नोव्हेंबरला. त्याआधीची वही कपाटात नाही, ती तळमजल्याच्या रेकॉर्डरूममध्ये असेल म्हणतात. किल्लीवाला रजेवर आहे. तुमचा अंदाज काय? ऑक्टोबरात काय घडलं असेल?

तुमची
खुसपट

२६ जून

चि. खुसपट,

पत्र मिळालं.

मला वाटतं, तू आता सही करून टाकावीस. पेटी जुळते आहे. दरवर्षी तपासणी झालेली आहे. जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नाही. टिपण मागे घेता येतं का ते साहेबांना विचार.

इकडे उकाडा आहे. फार लिहवत नाही.

मामा

८ जुलै

मामा,

टिपण मागे घेता येत नाही. कागदावरचं नाकारता येत नाही म्हणतात ना, कुणाचं ब्रीद ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमच्या मागच्या पत्राने मला कोड्यात टाकलं. पाणी मुरतंय म्हणणारा माणूस पंधरा दिवसांत उकरू नको म्हणतो? आई म्हणाली, म्हातारपणी माणूस मवाळ होतो. मी म्हटलं, मामा? आणि मवाळ?

आधी शिंपिणीचं सांगते. बाजाराच्या कोपऱ्यावर एका जिन्याखाली तिचं मशीन आहे. मी पावती दाखवली तर तिने पाय थांबवला आणि खो खो हसली. "अगं, सुतळी कसली, मी गेले होते! सोबत म्हणून." मग तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत: "बाकावर बाई बसलेली असते. तिला सांगतात, उद्या मोठ्या दवाखान्यात जा, तपासणी कर. भाडं पेटीतून मिळतं. पण ती जातच नाही. का? तर एकटीला आत काय सांगतात ते समजत नाही, पोराला कुणाकडे द्यायचं कळत नाही, भीती वाटते. मोठ्या बाई मला हाक मारायच्या. जातेस का गं हिच्याबरोबर? मी जायचे. मशीन बंद म्हणजे माझा दिवस बुडाला. तो बुडालेला दिवस बाई भरून द्यायच्या. मी नको म्हणायचे. त्या म्हणायच्या, फुकट नेलं तर पुढच्या वेळी हाक मारायला मला तोंड राहणार नाही."

एकदा ती एका म्हाताऱ्याबरोबर गेली होती, त्याच्या मुलाची ओळख पटवायला. पोलीस ठाण्यातून शवागारात. "मी काही केलं नाही," म्हणाली. "नुसती त्याची काठी धरून उभी राहिले. दोन्ही हातांनी त्याला चादर वर करायची होती." हे सांगून ती पुन्हा मशीन चालवायला लागली. मला मात्र जिन्याखालून लवकर निघवेना.

तर मामा, ती सुतळी म्हणजे ही माणसं. शिंपीण, इस्त्रीवाली, निवृत्त पोस्टमन, दुकानदार आजोबा. मला वाटलं होतं चोरी निघेल आणि निघालं हे.

आता दुसरं. किल्लीवाला आला. मी रेकॉर्डरूममध्ये उतरले. जुनी वही सापडली. नोव्हेंबरच्या आधीच्या पानांवर सुतळी नाही. तिथे मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: "सोबत, एक दिवस, चाळीस." अशा सोळा नोंदी. शेजारी हिरव्या शाईने: "सोबत ही वस्तू की सेवा? कोणत्या नियमान्वये? खुलासा करावा." आणि पंधरा दिवसांनी, त्याच शाईत: "खर्च अमान्य. सहाशे चाळीस पगारातून वसूल करावेत."

खाली सही आहे. सहीची गरज नव्हती. "वसूल" शब्दाखाली एका दमात मारलेल्या तीन रेघा बघितल्या आणि ओळखलं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला येणाऱ्या तुमच्या पत्रात "अनेक" शब्दाखाली तशाच तीन रेघा असतात.

तुम्ही मला सांगितलं नाहीत. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला मला पाठवलंत आणि डबकं तुमच्याच दारात निघालं. मी रागावले आहे, हे स्पष्ट लिहिते. पण रागवायला वेळ नाही. साहेबांनी एकोणतीस जुलैला सुनावणी ठेवली आहे. ते म्हणतात, खोट्या पावत्या त्या खोट्याच. हेतू चांगला असेल, पण कागद काय सांगतो? मी "खरा व योग्य" म्हणून सही करू शकत नाही आणि नाही केली तर प्रकरण चौकशीला जाईल. ती चार-पाच वर्षं चालते आणि तोवर पेन्शन बंद. अर्ध्या गोळीवर चार वर्षं, मामा. हे सगळं माझ्या टिपणामुळे झालं.

साहेबांनी एक फट ठेवली आहे. ते म्हणाले, "तेव्हा बाईंनी खर्चाचं खरं कारण लेखी दिलं असेल, तर त्यांनी विभागाला अंधारात ठेवलं असं म्हणता येणार नाही. मग मी माझ्या अधिकारात खर्च मान्य करीन. आहे असा कागद?" मी बाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, "दिला होता खुलासा. दोन पानं. त्या ऑडिटर साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचून नाकारला." पण फायलीत तो नाही. मी तीन दिवस धूळ खात शोधला. तुम्हाला काही आठवतं का?

भाची

१५ जुलै

चि.,

आठवतं. कागद सोबत जोडला आहे. दोन पानं, पाठपोट नाहीत. घडी पडली आहे तिथे शाई थोडी उडाली आहे, पण वाचता येतं. साध्या टपालावर भरवसा ठेवला नाही, पोस्टमास्तरकडून रजिस्टर करून घेतलं. पावती माझ्याकडे आहे.

तुझ्या विभागाचं नाव तू पहिल्या पत्रात लिहिलंस तेव्हा मला वाटलं, एवढी ऑफिसं तपासली, त्यातलं एक. नोव्हेंबर वाचलं आणि जिना आठवला, लांबट खोली आठवली. खिडकीजवळच्या टेबलावरच्या बाई आठवल्या. तेव्हा त्या तुझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. खुलाशाचा कागद माझ्याकडे राहून गेला. फायलीला लागला नाही. आक्षेप पक्का झाला, वसुली झाली, अहवालाचं कौतुक झालं. मी बढतीवर दुसरीकडे गेलो. सामानातून तो कागद गावोगाव फिरला.

तुझी मामी शेवटच्या वेळी दवाखान्यात होती, तेव्हाचं कधी कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशन सात तास चाललं. तुम्ही सगळे संध्याकाळच्या गाडीने यायचे होतात. मी बाहेर बाकावर. मांडीवर तिची पिशवी, पिशवीत तिच्या बांगड्या आणि पैसे. नर्स म्हणाली, जागा सोडू नका, कधीही सही लागेल. मला लघवीला जायचं होतं. दोन तास जायचं होतं, खुसपट. पिशवी धरा म्हणायला माणूस नव्हता. मी, ज्याने लोकांचे लाखांचे हिशेब बघितले, तो बाकावर गुडघे आवळून रडकुंडीला आला. तेव्हा मला ती नोंद आठवली: सोबत, एक दिवस, चाळीस. स्वस्त होती.

त्यानंतरही मी काही केलं नाही. मामी गेली, मग वाटलं आता कशाला.

सुनावणीत माझं नाव घे. माझा आक्षेप चुकीचा होता, असं मी वेगळ्या कागदावर सही-तारखेसह लिहून दिलं आहे. तोही जोडला आहे. तू टिपण दिलंस ते माझ्या सांगण्यावरून, तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस.

मामा

२ ऑगस्ट

मामा,

झालं! मनासारखं झालं म्हणून आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

एकोणतीसला अकरा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. मोठ्या बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, एकट्याच. मी जिना उतरून त्यांना घेऊन आले. शिंपीण आणि दुकानदार आजोबा न बोलावता येऊन बाहेर बाकावर बसले होते. हिशेब विभागाचे लेखापाल नियमांचं पुस्तक उघडून बसले होते, बोट घालून.

साहेबांनी तुम्ही पाठवलेली बाईंची पानं घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. कागद इतकी वर्षं तुमच्याकडे होता, एव्हाना पाठ झाला असेल, तरी लिहिते:

"सोबत ही वस्तू नाही, हे मान्य आहे. सेवा आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. मी या टेबलावर पाच वर्षांत पाहिलं ते लिहिते. भाडं दिलेल्या दहा माणसांपैकी चार जण गेलेच नाहीत. ज्यांच्याबरोबर कुणी गेलं ते सगळे गेले आणि परतही आले. न गेलेल्या चौघांचं भाडं नियमात बसलं आणि वाया गेलं. गेलेल्यांच्या सोबतीचे चाळीस नियमात बसत नाहीत आणि कामी आले. जो दिवस बुडवून जातो त्याचा दिवस भरून देणं मला योग्य वाटलं. नियम वेगळा असेल तर नियमात ओळ वाढवावी, ही विनंती. तोवर वसुली करायची असल्यास माझी हरकत नाही. पण हे थांबवू नये."

लेखापालांनी पुस्तकातलं बोट काढून घेतलं. साहेब म्हणाले, "एकवीस वर्षांपूर्वी हे माझ्या टेबलावर आलं असतं तर तेव्हाच ओळ वाढली असती." मग त्यांनी आदेश लिहिला. पावत्यांच्या मागच्या पेन्सिलच्या नोंदी खऱ्या धरायच्या. खर्च "सोबत" या नावाने मान्य. खोट्या पावत्या वापरल्याबद्दल बाईंना एक समज, फक्त कागदावर. पेन्शन फेब्रुवारीपासून, थकबाकीसकट. मी ताब्याच्या कागदावर सही केली आणि "खरा व योग्य" या ओळीपुढे आदेशाचा क्रमांक लिहिला.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्यानंतरचं. बाहेर आल्यावर बाई बाकावर बसल्या. शिंपिणीने पाणी दिलं. तुमच्या पत्रातलं मी त्यांना सांगितलं: कागद तुमच्याकडे राहून गेला, फायलीला लागलाच नाही. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वाचलंच नव्हतं होय?"

आणि मामा, त्यांचा चेहरा असा सैल पडला! म्हणाल्या, "एकवीस वर्षं मला वाटायचं, एका शिकलेल्या माणसाने माझी दोन्ही पानं वाचली आणि तरी नाही म्हणाला. म्हणजे माझं मांडणंच कमी पडलं. चार रात्री बसून लिहिलं होतं मी. मग म्हटलं, आपल्याला लिहिता येत नाही, आपण आपली सुतळी लिहावी. न वाचता नाकारलं असं कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून दिलं असतं. त्यांचा राग नाही गं मला. दौऱ्यावरचा माणूस, ढीगभर कागद, राहिलं असेल वाचायचं."

मला विचारलं, "वाचलं नव्हतं ना त्यांनी?" मी म्हटलं, "नसणारच." काल भेटले तर म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. गोळीही अख्खी घेतली.

त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. माझा रागही आता उरलेला नाही. मी त्यांना बरोबरच सांगितलं ना?

तुमची
खुसपट

७ ऑगस्ट

चि. खुसपट,

तुझं पत्र मिळून तीन दिवस झाले. उत्तराचे दोन कागद लिहून फाडले. हा तिसरा.

तू बरोबर सांगितलं नाहीस. चूक तुझी नाही, माझ्या वाक्याची आहे. "कागद माझ्याकडे राहून गेला" असं मी लिहिलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खुलाशांतली असली वाक्यं मी हेरली. "नोंद राहून गेली." "पावती गहाळ झाली." जिथे करणारा दिसत नाही, तिथे मी थांबायचो आणि विचारायचो, कुणी ठेवली? कुणी गहाळ केली? तू मला तसं विचारलं नाहीस. मामा म्हणून सोडलंस.

मी ती पानं वाचली होती. बाईंनी हातात दिली त्याच दुपारी, तुमच्याच खोलीत, डबा खाण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. न गेलेल्या चौघांचं वाक्य मी तिसऱ्यांदाही वाचलं. ते कागद फायलीला लावले असते तर माझा आक्षेप तिथेच निकालात निघाला असता. अहवालात माझे सतरा आक्षेप होते, एक कमी होऊन सोळा राहिले असते तरी काही बिघडलं नसतं. पण हा सगळ्यात चटकदार होता. "सोबत ही वस्तू की सेवा" हे वाक्य वरच्या कचेरीत लोक एकमेकांना वाचून दाखवून हसतील, हे मला ठाऊक होतं. तसंच झालं. मी पानांची घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली. राहून गेली नाहीत. ठेवली.

तुला वाटेल, बाईंना इतक्या वर्षांनी शांत झोप लागते आहे, ती कशाला मोडायची? मलाही दोन दिवस तसंच वाटलं. ते मला सोयीचंही होतं. न वाचणारा माणूस फक्त आळशी ठरतो. पण असं पाहा, त्यांना अजूनही ठाऊक नाही की आपलं लिहिणं कसं होतं. साहेबांनी एकवीस वर्षांनी मान डोलावली, त्यात वेळही बदलली आहे आणि माणसंही. ज्याच्यासाठी त्या चार रात्री बसल्या, त्या माणसाने काय म्हटलं ते त्यांना कळलेलं नाही.

तू त्यांना काही सांगू नकोस. गुरुवारच्या सकाळच्या गाडीने मी येतो. उतरवून घ्यायला येऊ नकोस, बाईंचा पत्ता तेवढा कळव. त्या रागावल्या तर तो त्यांचा हक्क आहे आणि दार लावून घेतलं तर मी बाहेरून बोलेन. फार बोलायचं नाही. एवढंच सांगायचं आहे की त्यांच्या मांडण्यात काहीही कमी नव्हतं. मला ते पटलं होतं. पटलं म्हणूनच मी ते लपवलं.

तुझा
मामा